धर्मीबायची लाल गाडी

"आधी मेलेला दाखव."

दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला धर्मीबाय हेच म्हणायची. नवं गिऱ्हाईक दचकायचं. मग कोणीतरी समजावायचं की बाबा, तुझ्या गाडीतला जो पार्ट मोडलाय तो आधी आण. तो हातात घेतल्याशिवाय बाय दुसरा देत नाही.

एकदा एक मुलगा मोबाईलवर फोटो घेऊन आला.

"मौसी, ये चाहिए. काच वर-खाली करने का मोटर, लेफ्ट साइड."

"फोटू बात करता है क्या?"

"मतलब?"

"दरवाजा खोल, मोटर निकाल, मेरे हाथ में दे. फिर देखती."

"मौसी, मीरा रोड से आया हूँ. ट्रॅफिक में घंटा गया."

"तो और एक घंटा जाएगा. तेरा मोटर मरा नहीं होगा, वायर टूटा होगा. जा."

तो चिडून गेला. संध्याकाळी पेढे घेऊन परत आला. वायरच तुटली होती. अंतोनकाकांनी कपाळावर हात मारला. अंतोनकाका म्हणजे आमच्याकडचे म्हातारे मेकॅनिक, उत्तनच्या बाजूचे. ते म्हणाले, "धर्मी, आलेलं गिऱ्हाईक हाकलतंस तू." बाय पेढा खात म्हणाली, "गिऱ्हाईक गेला तरी चालंल. पार्ट चुकीच्या घरात जायला नको."

काशीगावच्या बाजूला, हायवेला लागून तिचं जुन्या पार्टांचं दुकान. नवरा गेल्यावर तिनेच चालवलं. आधी मिठागरात डोक्यावरून मीठ वाहायची, नंतर गाड्या खोलायला शिकली. गुडघ्यापर्यंत लुगडं, केसात रोज एक पिवळं फूल, आणि कमरेला जिथे बायका किल्ल्या खोचतात तिथे दहा-अकराचा पाना. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिथे दोरी होती. इतक्या पार्टांच्या दुकानात तेवढी एक काडी तिला कधी मिळाली नाही.

मी नवघरहून यायची. काम एकच, पार्ट रॉकेलमध्ये धुवायचे. मला बोलायची सवय नाही. पहिल्या दिवशी नाव विचारलं तर तेही नीट सांगता आलं नाही. मला वाटलं आता ही नको म्हणणार. ती म्हणाली, "बोलनारी लई हायेत. मना धुनारी पायजेल."

तिच्या दुकानात एक पद्धत होती. जुनी लुगडी फाडून तिने चिंध्या केल्या होत्या. गाडी खोलली की प्रत्येक पार्टाला चिंधी बांधायची. डाव्या बाजूचा असेल तर हिरवी, उजव्या बाजूचा असेल तर पिवळी. एका गाडीतले सारखे दिसणारे पार्ट असतील तर चिंधीला गाठी. पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन. "दिसाया सारखे असतात गो," ती म्हणायची, "पन वीस वर्षं एका जागी घासून घासून जो तो आपल्या जागेचा झालेला असतो. दुसऱ्याच्या जागी घातला तर रडतो."

गेटाच्या आत एक लाल गाडी उभी होती. लाल म्हणजे कधीकाळी लाल. दोनच दारं, दोनच सीटा, टपाचं कापड कुजून गेलेलं. इतकी बुटकी की शेजारी उभं राहिलं तर दार मांडीला लागायचं. ही शर्यतीत पळावी तशी पळणारी गाडी मिठागराच्या शेठच्या मुलाने विलायतेहून आणली होती. तो ती मिठागराच्या बांधावरून पळवायचा. बाय तेव्हा तरुण होती.

"मी टोपली घेऊन बाजूला व्हायची," ती सांगायची. "ही धूळ उडवत जायची. धुळीत मीठ असायचं, डोळे चुरचुरायचे. तरी मी बगायची. आत बसाया कसं वाटत असंल, असं वाटायचं."

मग एकदा भरतीचं पाणी बांधावर असताना गाडी खाली उतरली आणि इंजिन खारं पाणी प्यालं. शेठच्या मुलाने ती शेडमध्ये लावली आणि पुन्हा बघितली नाही. वर्षानुवर्षं ती तिथेच राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी जे सुटलं ते नेलं. शेवटी शेड पाडली तेव्हा शेठच्या नातवाने कागद बायच्या नावावर करून दिले आणि म्हणाला, उचला एकदाची. सगळ्यांना वाटलं ती कापेल. तिने कापली नाही.

तिचा दीर बाळाराम. जागा दोघांची, अर्धी तिची, अर्धी त्याची. माणूस वाईट नव्हता, पण पांढऱ्या कपड्यात राहायचा आणि दुकानात आला की पाय उचलून उचलून चालायचा. चैत्रात एक दिवस आला.

"वयनी, हाटेलवाला जागा घ्यायला तयार हाय. तुना बी खोल्या भेटतील. हे भंगार अजून किती दिवस?"

"भंगार कोनाला बोलतंस?"

"ही बग की. गेटाआड डबडी उभी केलीस, टेम्पोला आत यायला जागा न्हाय."

"ती डबडी चालनार हाय."

बाळाराम इतका हसला की खोकला आला. मग डोळे पुसून म्हणाला, "चल, ठरलं. गौरी घरात यायच्या आधी ही आपल्या इंजिनानं, आपल्या चाकांवर गेटाभायेर गेली, तर दुकानाचं नाव मी पुन्हा काढनार न्हाय. टोचन लावून ओढाया लागली, तर तू सही करायची."

"करीन," बाय म्हणाली.

अंतोनकाकांच्या हातातून पाना पडला. गाडीला इंजिनाचं झाकण नव्हतं, एक सीट नव्हती, पुढचा एक दिवा नव्हता. आणि असल्या गाडीचे पार्ट कुर्ल्याच्या जुन्या बाजारातही सहज मिळत नाहीत, हे मलासुद्धा कळत होतं.

बाय दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला गेली नाही. ती काशीगावात गेली. पिशवीत खण, नारळ, तांदूळ आणि सुपारी. सोबत मी, कारण पिशवी उचलायला कोणीतरी हवं होतं.

"ज्यांनी नेलंय ते हितलेच हायेत," ती वाटेत म्हणाली. "पन चोरलंस का, असं विचारलं तर कोन देईल?"

एका घराच्या मागे कोंबड्यांचं खुराडं होतं. खुराड्यावर पत्रा म्हणून लाल गाडीचं झाकण. बायने तिकडे बघितलंसुद्धा नाही. घरात जाऊन बसली, चहा प्याली, घरच्या बाईची ओटी भरली आणि म्हणाली, "तुमच्याकडं आमची पोर हाय. लई वर्षं सांभाळलीत. गौरी येतील, तिला माहेरी न्यायला आयलेय."

ती बाई पहिल्यांदा गोंधळली. मग तिला कळलं. ओटी पदरात पडली होती. माहेरी न्यायला आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. तिने नवऱ्याला हाक मारली, "अवं, कोंबड्या भायेर काढा!"

बायची दुसरी रीत अशी की जागा रिकामी ठेवायची नाही. तिने दुकानातून टेम्पोने मागवलेला एका मोठ्या गाडीचा पत्रा स्वतः खुराड्यावर बसवून दिला. कोंबड्यांना जागा वाढली.

सीट वरसाव्याच्या एका न्हाव्याकडे होती. त्याचं गिऱ्हाईक त्या सीटवर बसलं की झोपायचं, इतकी छान सीट. तो द्यायला तयार नव्हता. बाय त्याच्या घरी गेली, बायकोची ओटी भरली. संध्याकाळी न्हावी स्वतः सीट डोक्यावर घेऊन आला आणि बदल्यात बसची सीट घेऊन गेला. जाताना म्हणाला, "धर्मीबाय, धंद्याची खोटी केलीस." ती म्हणाली, "आता गिऱ्हाईक झोपनार न्हाय, लवकर उठंल. चार जास्त होतील."

असं करत करत आषाढ संपेपर्यंत गाडी गाडीसारखी दिसायला लागली. दिवा आला, आरसा आला, दाराची कडी आली. जिथे मोडका तुकडा उरला होता तिथे बाय आधी तो दाखवायची, मग मागायची. नियम गिऱ्हाइकाला तसा तिलाही.

मग माझ्या हातून ते घडलं.

अंतोनकाकांनी इंजिन खोललं होतं. आत आठ टॅपेट असतात, अंगठ्याएवढ्या लोखंडी वाट्या. व्हॉल्व्ह उघडायचं-मिटायचं काम त्यांच्यावर चालतं. बायने आठही वाट्यांना चिंध्या बांधल्या होत्या, एक गाठ ते आठ गाठी. मला धुवायला दिल्या. चिंधीखाली काळं राहील म्हणून मी चिंध्या सोडल्या. वाट्या घासून चांदीसारख्या केल्या आणि ताटात मांडल्या. चिंध्यापण साबणाने धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या.

अंतोनकाका आले, ताट बघितलं, दोरी बघितली आणि खुर्चीवर बसले. "संपलं," म्हणाले. "कुठली कुठं बसत होती, आता देवाला ठाऊक."

गणपतीला दहा दिवस राहिले होते. बाय आली. दोरीवरच्या आठ चिंध्या तिने एक एक हातात धरून बघितल्या.

"चिंध्या लई झ्याक धुतल्यास गो सुमन," ती म्हणाली. "माझ्या लग्नातलं लुगडं हाय हे. हा रंग मी इसरली होती."

एवढंच. मग पदर खोचून इंजिनावर वाकली. घरून काजळाची डबी मागवली. एक वाटी घ्यायची, तिला बोटाने काजळ लावायचं, एका भोकात घालायची, फिरवायची, काढायची आणि काजळ कुठे पुसलं ते उजेडात बघायचं. मग पुढचं भोक. डोळे मिटून बोटाने चाचपायची. "ही हितली न्हाय. ही रडते." आठ वाट्या, आठ भोकं. तीन दिवस ती तशी वाकलेली होती. मी शेजारी काजळाची डबी धरून. तिसऱ्या दिवशी दुपारी आठवी वाटी आपल्या भोकात सरकन गेली, तेव्हा अंतोनकाकांनी छातीवर क्रूस काढला.

बाय सरळ व्हायला गेली आणि होईना. मान धरली होती. डॉक्टरने गळ्याला पट्टा दिला, जाड, पांढरा. मान खाली करायची नाही, वळवायची नाही. माझ्यामुळे झालं म्हणून मी रडले तर ती म्हणाली, "रडतंस कशाला? पाटलिनीसारखी दिसते का न्हाय, बोल."

इंजिन बसलं. आता एकच अडचण होती, पण सगळ्यात मोठी. या गाडीला दोन कार्बोरेटर. प्रत्येकावर घुमटासारखं चकचकीत टोपण आणि त्या टोपणात वर-खाली होणारा दट्ट्या. एकाचं टोपण कोणीतरी तीन स्क्रू काढून नेलं होतं. दट्ट्या राहिला होता. अंतोनकाकांनी कुर्ल्याहून तसंच टोपण शोधून आणलं. दिसायला हुबेहूब. पण बसवलं की दट्ट्या अडकायचा. गाडी दोनदा खोकायची आणि बंद.

"दोघं एकमेकांच्या मापानं घासलेली असतात," काका म्हणाले. "ह्याचंच टोपन पायजे, धर्मी. दुसरं चालनार न्हाय."

बायने गावातलं एकही घर सोडलं नाही. टोपण कुठेच नव्हतं. तशात गणपती आले. दोन दिवसांनी गौरी.

घरचा गणपती बाळारामच्या घरी असतो. आरतीला आम्ही सगळे गेलो. देवघरासमोर गर्दी होती, झांजा वाजत होत्या. बाळाराम ताट ओवाळत होता, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. सगळ्यांनी माना खाली घातल्या, हात जोडले. बायला मान खाली घालता येत नव्हती. ती पट्टा लावून ताठ उभी होती आणि समोर बघत होती. निरांजन वर गेलं तसं देव्हाऱ्याच्या शिखरावर काहीतरी लखलखलं.

बायने माझा दंड धरला. इतका जोरात की बांगडी वाढली.

देव्हाऱ्याचा कळस म्हणून वर बसवलेलं ते टोपण होतं. वर्षानुवर्षं ती त्या देव्हाऱ्यासमोर वाकत आली होती.

ती सगळ्यांसारखी पंगतीला बसली. मोदक खाल्ले, जावेला मदत केली, निघताना बाळारामला म्हणाली, "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन आम्ही गेलो. बायने जावेची, शेवंतीची, ओटी भरली. शेवंती हसून म्हणाली, "वयनी, माझी ओटी कशापायी? गौरी तर उद्या हायेत."

"माझी पोर तुझ्याकडं हाय. तिला माहेरी न्यायला आयलेय," बाय म्हणाली आणि वर बोट दाखवलं.

शेवंतीने वर बघितलं, मग नवऱ्याकडे. बाळारामचा चेहरा उतरला.

"चौदा-पंधरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "शेडमंदी गेल्तो. चमकत होतं म्हनून काढलं. मग घाबरून देवाला वाहिलं." मग एकदम त्याला काहीतरी सुचलं. छाती पुढे आली. "पन वयनी, तुझाच नेम हाय. मेलेला दाखवल्याशिवाय कुनाला काय मिळत न्हाय. तुझ्याकडं तर जागा मोकळी हाय. मेलेला कुठाय?"

मला वाटलं संपलं. बाय शांतपणे म्हणाली, "सुमन, पिशवी."

पिशवीत कुर्ल्याचं टोपण होतं. तिने ते त्याच्या तळहातावर ठेवलं. आत दट्ट्याने ओरखडलेली लांब रेघ.

"हा बग मेलेला," ती म्हणाली. "परक्या घरात गेला होता."

मग पिशवीतून तिने नवा पितळी कळस काढला, चिंचेने घासलेला. "आनि देवाची जागा मी मोकळी ठेवत न्हाय."

शेवंती फिस्सकन हसली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. "द्या की आता," नवऱ्याला म्हणाली. "ओटी घेतलीय मी."

बाळारामने स्टूल आणलं, देवाला हात जोडले आणि स्वतःच्या हाताने टोपण उतरवलं. द्यायच्या आधी धोतराच्या सोग्याने पुसलं. पैज त्याच्या हातून निसटत होती, तरी त्याने ते पुसलं, हे मी बघितलं.

गौरीच्या दिवशी सकाळी गेटाबाहेर अख्खं काशीगाव. न्हावी दुकान बंद करून आलेला, कोंबड्यांवाली पोरं घेऊन आलेली. प्रत्येकजण आपापला पार्ट दाखवत होता, ती सीट माझी, तो आरसा आमचा. बाळाराम पांढऱ्या कपड्यात एका बाजूला उभा. अंतोनकाका गाडीत बसले. बायने टोपण बसवलं, कमरेचा पाना काढला, अंदाज घेतला, पुन्हा खोचला आणि स्क्रू-ड्रायव्हरने तिन्ही स्क्रू आवळले. दट्ट्या बोटाने वर उचलला आणि सोडला. तो टक करून खाली आला. ती हसली.

"मार."

पहिल्यांदा गाडी नुसती कण्हली. दुसऱ्यांदा काळा धूर. गर्दीत कोणीतरी म्हणालं, "टोचन आना." बायने मान न वळवता हात वर केला आणि तो गप्प झाला.

तिसऱ्यांदा गाडी बोलली. आधी घोगरी, मग मोकळी, मग असा आवाज की माझ्या छातीत थरथरलं. काकांनी गिअर टाकला. लाल गाडी स्वतःच्या इंजिनाने, स्वतःच्या चाकांवर गेटाबाहेर आली. बायका ओरडल्या, पोरं नाचली. कोंबड्यांवालीने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न मारायला लागले.

"धर्मीबाय, बस! बस!" सगळे म्हणत होते. दुसरी सीट रिकामी होती. बाय बाळारामकडे गेली.

"तू बस आधी."

"मी? मी हरलोय, वयनी."

"टोपन सांभाळलं कोनी? देवावर ठेवलंस म्हनून राहिलं, न्हायतर भंगारात गेलं असतं. बस."

बाळाराम बसला. पांढऱ्या कपड्याला काळं लागलं, त्याला कळलंसुद्धा नाही. वरसाव्याच्या पुलापर्यंत जाऊन आला तेव्हा केस उभे होते आणि चेहरा चौदा वर्षांच्या मुलाचा झाला होता. उतरून त्याने सगळ्यांसमोर बायच्या पायाला हात लावला. "दुकानाचं नाव काढनार न्हाय," म्हणाला. त्याने पुढे खरंच काढलं नाही.

बाय आता नाही. दुकान शेवंती चालवते, मी अजून पार्ट धुते, चिंध्या न सोडता. नवं गिऱ्हाईक आलं की शेवंती आतून ओरडते, "आधी मेलेला दाखव!" आणि मला वाटतं बायच आहे.

पण मला ती दिसते ती त्या दिवसाची. बाळाराम उतरल्यावर ती गाडीत बसली. लुगडं आवरलं, पाना कमरेला टोचला म्हणून काढून माझ्या हातात दिला. "धर," म्हणाली. केसातलं पिवळं फूल चाचपून बघितलं. काकांनी विचारलं, "हळू नेऊ?"

"शेठचा पोर न्यायचा तशी ने," ती म्हणाली.

गाडी उडाली. धूळ आमच्या तोंडावर आली, आम्ही बाजूला झालो. पट्ट्यामुळे तिला मागे वळून बघता येत नव्हतं. म्हणून तिने नुसता हात वर केला, काजळासारखे काळे डाग असलेला, आणि पुलाच्या चढावर दिसेनाशी होईपर्यंत तो खाली घेतला नाही.